बोगद्याच्या अलीकडे

लॉईडने दुकानाच्या काउंटरवर मोटारसायकलच्या हँडलला लावायचे दोन क्लॅम्प शेजारीशेजारी ठेवले आणि त्यातला एक बोटाने ट्रेंटच्या बाजूला सरकवला.

"हा घे. इथे सगळे हाच नेतात. बटण दाबलं, खट्, सुटला. डिटेक्टर बॅगेत टाकायचा आणि बोगद्यात शिरायचं. परत आलास की पुन्हा खट्."

ट्रेंटने दुसरा उचलला. जाड काळी पट्टी, दोन भोकं, दोन बोल्ट, बाकी काही नाही. त्याने ती तळहातावर तोलली, अंगठ्याने वाकते का ते पाहिलं.

"हा बरा वाटतो."

"तो पक्का बसतो, बाबा. एकदा बसवला की बसवला."

"मग तेच तर म्हणतोय."

शेल्बी ओपलला कडेवर घेऊन मागे उभी होती. तिने ओपलच्या जॅकेटची चेन वर ओढली, थोडी खाली घेतली, पुन्हा वर ओढली. अडीच वर्षांच्या ओपलने वैतागून मान मागे टाकली.

"काढता येणारा घे ना," शेल्बी म्हणाली. आवाज सहज ठेवायचा, हे तिने बोलायच्या आधीच ठरवलं होतं.

"तो थरथरतो. खाणीचा रस्ता बघितलास ना कसा आहे?"

"कुठे थरथरतो?" लॉईड दुखावल्यासारखा म्हणाला. "माझ्या स्वतःच्या गाडीवर तोच आहे. अर्धं ब्लूफील्ड कामाला पलीकडे जातं, सगळ्यांच्या गाड्यांवर तोच आहे. डोंगर एकच, पण खालून जाता जाता कायदा बदलतो, त्याला मी काय करू?"

ते खरं होतं. पोलिसांचं वेग मोजणारं रडार पुढे कुठे लागलं आहे, हे आधीच सांगणारं हे डिटेक्टरचं यंत्र वेस्ट व्हर्जिनियात कुणीही लावावं. डोंगराखालच्या बोगद्यात मधोमध राज्य बदलतं, आणि तिथून पुढे व्हर्जिनियात तेच यंत्र गाडीवर चालू सापडलं की दंड. या गावातल्या पोरांना हे अक्षरओळखीच्या आधी कळतं.

आणि त्या बोगद्यातूनच शेल्बी येत्या शनिवारी ओपलला घेऊन रोआनोकला राहायला चालली होती. तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. इतकी वर्षं जिच्यासाठी अर्ज करत होती ती, आठवड्याला सुट्टी असलेली, आजारपणाचा विमा असलेली नोकरी. ट्रेंट एप्रिलमध्ये येणार होता. खाणीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं त्याचं काम हिवाळ्यात जोरात असतं, ते संपलं की लगेच. तोवर रविवारी भेटायला. असं ठरलं होतं. म्हणजे, शेल्बी बोलली होती आणि ट्रेंटने 'बघू' म्हटलं होतं. ट्रेंट कधी नाही म्हणत नसे. लग्न झालं तेव्हा तिला त्याचा हाच गुण सगळ्यात आवडला होता.

डिटेक्टर घ्यायचं तिनेच लावून धरलं होतं. उन्हाळ्यात वेगासाठी त्याला दोनदा पकडलं होतं. आणखी एकदा सापडला तर लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं तर तो रविवारी येणार कसा? यंत्र निवडताना तो कुठे अडलाही नव्हता. सगळ्यात स्वस्त होतं ते प्रत्येक दुकानाच्या सरकत्या दारातल्या रडारलाही पोलीस समजून ओरडतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. सगळ्यात महाग होतं ते मागचंही रडार पकडणारं. शेल्बीचा हात त्याच्याकडे गेला, तेव्हा लॉईड हसला होता.

"पोरी, मोटारसायकलवर मागचं दिसायला नवरा काचेचा असावा लागतो. हा बसला की मागे सगळा अंधार."

"काचेचा असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली होती, आणि तिघंही हसले होते.

शेवटी मधलं घेतलं. पावसात भिजलं तरी चालणारं आणि सोबत एक छोटा लाल दिवा असलेलं, कारण हेल्मेटच्या आत बीप कुठली ऐकू येते? दिवा नजरेच्या कोपऱ्यात लुकलुकला की हात आपोआप सैल होतो. हे सगळं ट्रेंटने नीट विचारून घेतलं, वायर किती लांब, बॅटरी किती खाते, सगळं. आणि मग क्लॅम्पपाशी येऊन हा पक्का क्लॅम्प.

ते बाहेर पडले. ट्रेंट गाडी सुरू करेपर्यंत शेल्बी म्हणाली, "अगं बाई, ओपलची टोपी आत राहिली," आणि परत वळली. टोपी तिच्याच खिशात होती.

"तोही दे," ती लॉईडला म्हणाली.

"काढता येणारा? पण त्याने तर—"

"आत्ता नाही लागणार. नंतर लागेल."

लॉईडने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पारदर्शक पाकिटात पिन मारून बंद केलेला क्लॅम्प त्याने काढला, त्यावरचं किमतीचं स्टिकर नखाने सोललं आणि पाकीट तिच्या हातात ठेवलं.

"पट्टीचे दोन बोल्ट काढले की त्याच भोकांवर हा बसतो," तो हळूच म्हणाला. "फार अवघड नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये ट्रेंट मोटारसायकलपुढे मांडी घालून बसला होता. दार सताड उघडं होतं आणि मेपलची पानं वाऱ्याबरोबर आत येऊन जमिनीवर खुरडत होती. एका भिंतीला खोकी रचलेली होती. 'स्वयंपाकघर', 'ओपल हिवाळा', 'ओपल पुस्तकं', 'शेल्बी'. त्याच्या नावाचं एकही खोकं नव्हतं. एप्रिलला तर यायचंय, आत्तापासून कशाला भरायचं, हे तिलाही पटलं होतं.

ओपलने डोक्यावर भाज्या धुवायची जाळीची पाटी घातली होती आणि ती उलट्या बादलीवर बसून गाडी चालवत होती. तोंडाने आवाज काढत ती बापासमोरून गेली, म्हणजे तिच्या मते गेली, आणि तिने डाव्या हाताने पाटीवर दोन थापट्या मारल्या.

"पोलीस?" ट्रेंट म्हणाला.

"पोईस!"

"बापरे! मग हळू जातो." त्याने न दिसणारा ब्रेक दाबला. ओपल इतकी हसली की पाटी तिच्या नाकावर आली.

समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढच्या वळणाआड पोलीस आहेत हे सांगायचं असलं की हेल्मेटवर हात आपटायचा. अनोळखी माणूस असला तरी. हे सगळे करतात, आणि ट्रेंटने लेकीला 'टाटा'च्या आधी हेच शिकवलं होतं. आता ओपल बाजारात, पेट्रोल पंपावर, खिडकीतून, कुठेही मोटारसायकल दिसली की आपलं डोकं थोपटायची. अंगभर गोंदवलेले दाढीवाले बाप्ये तिला बघून हसत हसत ब्रेक मारायचे.

"शेल्ब, वायर धर."

तिने धरली. टाकीखालून, हँडलच्या वळणात ओढली जाणार नाही इतकी ढील देऊन, बॅटरीपर्यंत. डिटेक्टरच्या पुढे ब्रेक ऑइलची डबी येता कामा नये, त्याला समोरचा रस्ता मोकळा दिसायला हवा, म्हणून ट्रेंटने डोळा बारीक करून तीनतीनदा जागा बदलली. वायर किल्लीच्या जोडणीवर सोल्डर केली. धुराचा उग्र वास आला. त्याचे हात कामात असले की इतके शांत होत की बघत राहावं. शेल्बी बघत राहिली. या हातांना एखादी गोष्ट नको असली तर ती हातांतून दिसेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

"बोगद्याच्या पलीकडे येताना हा काढायचा कसा?" तिने विचारलं.

ट्रेंट पट्टीचा बोल्ट चिमटीत फिरवत होता. "बघू."

"रविवारी आलास तर?"

"दिवा जरा इकडे घे ना. हां. असाच धर."

कोपऱ्यातल्या फळीवर बोल्टच्या आट्यांना लावायच्या गोंदाच्या दोन बाटल्या होत्या, एक निळी, एक लाल. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने तिला यातला फरक सांगितला होता. तिने मोडक्या कढईच्या दांडीला न विचारता लाल लावलं होतं, आणि दोन महिन्यांनी दांडी बदलायची वेळ आली तेव्हा तो हसून लोळला होता. निळं लावलं तर पुढे पान्याने सुटतं, वेडे. लाल म्हणजे आगीने तापवल्याशिवाय सुटत नाही. लाल फक्त जे कधीच काढायचं नसतं त्याला.

ट्रेंटने फळीकडे हात केला. बोटं निळ्या बाटलीला लागली. तिथे थोडी थांबलीही. मग त्याने ती बाजूला सरकवली, लाल उचलली, आणि एका बोल्टवर एक थेंब, दुसऱ्यावर एक थेंब टाकला.

शेल्बीच्या हातातला दिवा हलला नाही. याचं तिला नंतर फार दिवस नवल वाटत राहिलं.

"ट्रेंट."

"हं?"

तो वर बघायला तयार होता. चेहऱ्यावर असं काही होतं की तिने विचारलं असतं, तर त्या दुपारी त्याने सांगितलं असतं. पण बादलीवरून ओपल धाडकन पडली, पाटी गडगडत गाडीच्या चाकाशी गेली, आणि रडणं, फुंकर, पापा यात ती वेळ निघून गेली. ओपल शांत झाली तोवर त्याने बोल्ट आवळले होते. किल्ली फिरवली. वेगाच्या काट्याशेजारी लाल दिवा एकदा पेटला, विझला.

"लागला," तो म्हणाला.

संध्याकाळी तो अंघोळीला गेल्यावर शेल्बी शेडमध्ये गेली. गाडीच्या साइड बॅगेत त्याचे पावसाळी हातमोजे होते, लोकरीच्या अस्तराचे. त्यांच्या खाली, अगदी तळाशी, तिने ते पाकीट ठेवलं. चिठ्ठी नाही, काही नाही. एखाद्या दिवशी हातमोजे काढताना बोटांना लागेल, इतकंच. माणसाचं मन बदलतं. बदललं तर हाताशी वस्तू असावी. आणि लाल गोंद काय, तापवला की सुटतोच.

*

शनिवारी सकाळी त्यानेच सगळं गाडीत भरलं. खोकी नीट बसावीत म्हणून दोनदा काढून पुन्हा रचली. ओपलची रोजची पिशवी, लंगोट, कपडे, खाऊ, तेवढी बाहेर राहिली होती.

"ती दे, मी ठेवते," शेल्बी म्हणाली.

"राहू दे. मीच ठेवतो तिच्या पायाशी. तुला वळून घेता येईल."

मग तो मोटारसायकलवर पुढे आणि त्या दोघी मागे, असे ते निघाले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर समोरून तीन मोटारसायकली आल्या. ट्रेंटने डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवली, त्यांनीही दाखवली. ओपल मागे आपलं डोकं थोपटत होती. त्याला आरशात दिसलं असावं, कारण त्याने पुढे काही नसताना ब्रेकचा दिवा एकदा लावून दाखवला. ती खिदळली.

बोगद्याच्या अलीकडचा शेवटचा फाटा आला तसा त्याने उजवीकडचा सिग्नल दिला. शेल्बीला अपेक्षा होती आणि नव्हतीही. दोघं पेट्रोल पंपाच्या दुकानासमोर थांबले. ती उतरली. त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, पण किल्ली बंद केली नाही.

"टायरची हवा बघितलीय मी," तो म्हणाला. "डावीकडून जो आवाज येतो ना, तो काही नाही. पत्रा आहे."

"बरं."

"घराची किल्ली दोन्ही वेळा फिरवायची सवय ठेव. शहर आहे ते."

"शहर कसलं. इथल्यापेक्षा चार दुकानं जास्त."

"तरी."

दुकानाचं सरकतं दार कुणासाठी तरी उघडलं आणि हँडलवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. दार मिटलं, दिवा थांबला. पुन्हा कुणी आत गेलं, पुन्हा लुकलुकला.

"खोटा इशारा आहे," ट्रेंट म्हणाला. "दाराचा."

"माहितीये."

"दोनचारदा गेलो की त्याला कळतं. मग या जागी ओरडायचं थांबतो."

शेल्बीने मान हलवली. दोन्ही बोल्टांच्या डोक्याशी सुकलेला लाल गोंद दिसत होता, नखाएवढा.

"रविवारी मी डंपलिंग करीन," ती म्हणाली. "कोंबडीचे. तुझ्या आईसारखे नाही होणार, पण करीन."

तो काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. निदान 'बघू' तरी. तो 'बघू' म्हणाला नाही. गाडीच्या मागच्या दारातून आत वाकला, ओपलचा पट्टा सैल केला, पुन्हा घट्ट केला, तिच्या केसांत तोंड घालून जरा जास्तच वेळ तसाच राहिला. "बाबा, खाऊ," ओपल म्हणाली. त्याने तिला खाऊ दिला. बाहेर आला तेव्हा त्याने आधी नाक पुसलं. थंडी होती.

"हळू चालव," तो म्हणाला. "पोचलीस की फोन कर."

तिने त्याच्या जॅकेटची चेन वर ओढली. वर होतीच ती.

ती निघाली. पुढे बोगद्याचं तोंड आलं. लहानपणी ती आणि तिची बहीण इथे श्वास धरायच्या. राज्य बदललं ही पाटी मध्यावर दिसेपर्यंत सोडायचा नाही, सोडला तर तू हरलीस. आरशात त्याच्या गाडीचा एकच दिवा होता, पंपापाशी उभा. रस्ता वळला आणि तोही गेला. पाटी येऊन गेली तरी शेल्बीला श्वास सोडल्याचं आठवलं नाही.

*

पलीकडे थोडं पुढे गेल्यावर प्रवाशांसाठी थांबायची जागा आहे. ओपलचा लंगोट बदलायचा होता. शेल्बीने मागचं दार उघडलं, पिशवी सीटवर घेतली, कपड्यांत हात घातला, आणि बोटांना काहीतरी टणक लागलं.

ते पाकीट होतं. ओपलच्या घडी केलेल्या स्वेटरांच्या मधोमध, मोडू नये अशा बेताने ठेवलेलं. पिन जशीच्या तशी. लॉईडने स्टिकर सोलल्यामुळे एक जागा चिकट राहिली होती, तिथे हातमोज्याच्या अस्तराची करडी लोकर चिकटली होती.

शेल्बी तशीच उभी राहिली. खाली वाकून काही शोधत असल्यासारखी. चिठ्ठी असेल म्हणून तिने स्वेटर उलगडून पाहिले. तिनेही ठेवली नव्हती, त्यानेही नव्हती.

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून मोटारसायकलचा आवाज वळून आत आला.

ओपल सीटमध्ये ताठ झाली. दोन्ही हातांनी डोकं थोपटायला लागली, जोरजोरात. शेल्बी वळली. वळेपर्यंतच्या त्या क्षणात तिने सगळं माफ केलं होतं, लाल गोंदसुद्धा.

गाडी दुसरीच होती. पांढऱ्या लांब वेणीची एक म्हातारी बाई त्यावरून उतरली. हेल्मेट काढायच्याही आधी तिने हँडलपाशी अंगठा दाबला. खट्. डिटेक्टर सुटून हातात आला, तो तिने बॅगेत टाकला.

"विसरलेच बघ," ती शेल्बीला म्हणाली, जणू तिने विचारलं होतं. "त्या बाजूलाच काढायचा असतो. आत शिरल्यावर आठवलं, तिथे काय करणार? अख्खा बोगदा देवाचं नाव घेत आले." मग तिचं ओपलकडे लक्ष गेलं. "काय गं बये? पुढे पोलीस आहेत?"

"पोईस," ओपल म्हणाली. पण ती बाईकडे पाहत नव्हती. रस्त्याकडे पाहत होती.

"हिला कुणी शिकवलं हे?" बाई हसली.

"तिच्या बाबाने."

"तोही चालवतो होय! मागून येतोय?"

बाईची नजर शेल्बीच्या हातातल्या पाकिटावर गेली.

"आणि क्लॅम्पही हाच! माझाही हाच. पाऊस, थंडी, काही होत नाही याला. कसा वाटतो त्याला?"

शेल्बीने पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. चिकटलेली लोकर अंगठ्याने काढायला गेली आणि मग तिने ती राहू दिली.

"नवीनच आहे," ती म्हणाली. "उघडला नाहीये अजून."

बाई मान डोलावून आत गेली. शेल्बीने पाकीट स्वेटरांच्या मधोमध होतं तसं ठेवलं आणि ओपलचे बूट काढायला घेतले. मागे मोठ्या रस्त्यावरून गाड्या एकामागून एक जात होत्या. ओपलने ऐकत मान वळवली, आणि एक हात उचलून डोक्यावर तयार धरला.